फौजींची बायको

चूक आधी सांगून टाकतो, नाहीतर थंडीचं कौतुक करता करता मी ती लांबणीवर टाकत राहीन. दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या मेळाव्यात, हातात माईक असताना, मी एका माणसाची बायको वारल्याचं जाहीर केलं. त्या माणसाचं लग्नच झालेलं नव्हतं. हे मला माहीत होतं. का झालेलं नव्हतं तेही माहीत होतं, कारण त्यानं ते मला आपणहून, विश्वासानं सांगितलं होतं. तरीही मी बोललो, आणि समोरची सगळी माणसं त्या बाईसाठी माना खाली घालून मिनिटभर उभी राहिली.

आता पुन्हा थंडी आली आहे. बहारीनमध्ये ती आधी कानाला कळते. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी सुलभा, माझी बायको, सहज एसी बंद करते आणि इतके महिने त्या घरघरीखाली दबलेलं घर अचानक ऐकू यायला लागतं. फ्रिज गुणगुणतो. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवतं. शेजारच्या घरातले म्हातारे गृहस्थ खोकतात आणि मनात येतं, अरे, हे इतके दिवस इथंच होते. झिंजमधल्या आमच्या फ्लॅटच्या खिडक्या उघडतात. खालच्या कॅफेटेरियातल्या करक चहाचा वास वर येतो, वेलदोड्याचा आणि आटलेल्या दुधाचा. मनामाच्या सूकमध्ये, जुन्या बाजारात, दुकानदार जाडजूड ब्लँकेटं बाहेर टांगतात, त्यांच्यावर वाघ नाहीतर गुलाब. आणि रस्त्यावर पिकअप दिसू लागतात. तंबूचे खांब, घड्या घातलेलं कापड, पाण्याच्या टाक्या लादून त्या साखीरच्या वाळवंटाकडे निघालेल्या असतात.

इथले लोक थंडीत वाळवंटात तंबू ठोकून राहतात. घर चांगलं वीस-पंचवीस मिनिटांवर असतं, तरी महिना-दोन महिने मुलाबाळांसह तिकडे. मला सुरुवातीला हे वेडेपणाचं वाटायचं. आम्ही कोकणातली माणसं. घर सोडून उघड्यावर राहायला जाणं म्हणजे काहीतरी आपत्ती आली असणार. पण एक वर्ष आमच्या मंडळानंही हौसेनं एक मोठा तंबू भाड्यानं घेतला आणि मग ती रीतच पडली. जानेवारीतल्या एका शुक्रवारी संक्रांतीचा मेळावा तंबूत. बायकांचं हळदीकुंकू, मुलांचे पतंग, आणि सेना दिन त्याच सुमारास येतो म्हणून आपल्यातल्या माजी सैनिकांचा सत्कार. सभोवार सपाट वाळू, तिच्यावरून गेलेल्या तेलाच्या काळ्या नळ्या, लांबवर मान वर-खाली करत राहणारे तेलाचे पंप, आणि त्यात काठापदराच्या साड्यांतल्या बायका वाळूतून चपला हातात घेऊन चाललेल्या. ते दृश्य मला फार आवडायचं. मी तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी होतो. माईक मला आवडायचा, हेही सांगायला हवं.

तंबू उभारायला फौजी यायचे. त्यांचं नाव जगन्नाथ साळुंखे. साताऱ्याकडचे, फौजेच्या सिग्नल्समधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि इथं हूरामधल्या एका हॉटेलात सिक्युरिटी सुपरवायझर. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पण आम्ही सगळे त्यांना अहो-जाहो करायचो आणि फौजीच म्हणायचो. मिशी कातरलेली, शर्टाची इस्त्री मोडलेली कधी पाहिली नाही. वसईचा डेनिस नावाचा एक नर्स त्यांच्याबरोबर राहायचा. दोघे मेळाव्याला एकत्र यायचे, एकत्र जायचे. आखाती देशात पुरुष माणसं खोली वाटून घेतातच, त्यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी, सूर्य खाली चाललेला असताना, फौजी आणि मी तंबूच्या दोऱ्या ताणत होतो. वाळूत खुंटी धरत नाही, म्हणून ते दोरीच्या टोकाला वाळूनं भरलेलं पोतं बांधून ते खड्ड्यात पुरत होते. मी नुसती दोरी धरून उभा होतो.

"सावंतदादा," ते म्हणाले, "एक सांगू का? रागावणार नसाल तर."

"बोला की."

"डेनिस आहे ना, तो माझा रूममेट नाही."

"मग कोण आहे?"

ते माझ्याकडे बघत राहिले आणि हसले. "तुम्ही पण ना, दादा! दोरी सैल सोडा आधी, हात कापून घ्याल."

मी दोरी सैल सोडली. ते पोत्यावर वाळू लोटत, माझ्याकडे न बघता बोलत राहिले. बायकांकडे त्यांचा ओढा कधीच नव्हता. गावात असल्यापासून ते त्यांना माहीत होतं. फौजेतली सगळी वर्षं कुणाला कळू न देता काढली. कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरीपेक्षा गावात काय सांगायचं ही भीती मोठी होती. इथं आल्यावर डेनिस भेटला. "चांगलं चाललंय आमचं," ते म्हणाले. "तो स्वयंपाक करतो, मी भांडी घासतो. भांडण झालं की तो त्याच्या भाषेत बोलतो, मला अर्धं कळत नाही, ते बरं पडतं."

समलिंगी हा शब्द मी पेपरात वाचला होता. त्याला साताऱ्याची मिशी असेल असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "मग हे फौजेत चालतं?"

"चालत नाही म्हणून तर तुमच्यापाशी आलोय."

आणि मग त्यांनी कामाचं सांगितलं. ड्युटी सुटल्यावर ते रोज फोनवर असतात हे मला माहीत होतं. मला वाटायचं, जमिनीचं काहीतरी असेल. ते फोन त्यांच्यासारख्याच माणसांचे होते. कुणी अजून नोकरीत, कुणी निवृत्त होऊन गावी बसलेले. कुणाला घरचे लग्नाला उभं करत होते. कुणाचं लग्न झालेलं, मुलं मोठी, आणि आतून जीव कोंडलेला. एकानं नोकरी अर्ध्यावर सोडली होती आणि का सोडली ते बापाला सांगता येत नव्हतं, म्हणून बाप त्याला पळपुटा म्हणत होता. एकाकडून दुसऱ्याला नंबर मिळत गेला आणि फौजी त्यांच्याशी बोलत राहिले. सल्ला असा काही देत नाही, म्हणाले, नुसतं ऐकतो, आणि फारच खचला असेल तर त्याच्या जवळच्या गावातला आपल्यातला कुणीतरी त्याच्याकडे पाठवतो.

"बाहेरच्या देशांत अशा सैनिकांच्या संघटना आहेत, दादा. वकील असतात. काही ठिकाणी तर सरकारनं जाहीर माफी मागितलीय, तुम्हाला हाकललं ती आमची चूक होती म्हणून. आपल्याकडे माझा एक फोन आहे."

त्यांचं मागणं अगदी लहान होतं. माजी सैनिकांसाठी मंडळ दर महिन्याला एक सूचना काढायचं. पेन्शनची अडचण, कॅन्टीन कार्ड, इथली नोकरी, याबद्दल कुणाला फोन करायचा ते त्यात असायचं. त्यात एक ओळ घालायची होती: घरी बोलता येत नाही असं काही असेल तरी फोन करा, जगन्नाथ साळुंखे. एवढंच. समलिंगी वगैरे शब्दही नको होता. "ज्याला कळायचं त्याला कळतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बघतो."

थंडीत वाळवंटात अंधार भरभर पडतो. आजूबाजूच्या तंबूंवर दिव्यांच्या माळा लागल्या, जनरेटर सुरू झाले, कुठूनतरी कोळशाचा आणि भाजलेल्या मांसाचा वास आला. आम्ही गाडीत बसलो आणि मी रस्ताभर क्रिकेटवर बोललो.

त्या बोलण्याचा विचार मी हजारदा केला असेन आणि दर वेळी त्याचा वेगळा अर्थ लागतो. मला किळस आली नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. थोडा अभिमानच वाटला होता, की हा माणूस इतकं मोठं गुपित मला सांगतो. आणि त्याच वेळी मी घाबरलो होतो. आपण सगळे इथं व्हिसावर आलेली माणसं. उद्या कुणी कुरकुर केली, मंडळाचं नाव इथल्या सरकारपर्यंत गेलं तर? ही भीती खरी होती की माझ्या सोयीची, ते मला आजही धडपणे सांगता येत नाही.

आमच्या सत्काराची एक पद्धत होती. शाल-श्रीफळ सैनिकाला, आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या पत्नीची ओटी. सत्कार सपत्नीक, असं पत्रिकेतच लिहिलेलं असायचं. मला त्यात नेहमी भरून यायचं, कारण नवरा सीमेवर असताना घर त्या बाईनं ओढलेलं असतं, असं मी दरवर्षी माईकवरून म्हणायचो आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. ज्याची पत्नी गावी असेल त्याच्या वतीनं कुणीतरी ओटीचं ताट घ्यायचं. फौजी याआधी सत्काराला कधी उभे राहिले नव्हते. दर वर्षी ड्युटी काढून घ्यायचे. त्या वर्षी मीच गळ घातली होती. महिला विभागानं जेवढे सैनिक तेवढी ताटं भरली. खण, नारळ, गहू, हळकुंड.

नाव पुकारलं. फौजी मंचावर आले. ब्लेझर, छातीवर पदकं. टाळ्या झाल्या. मी शाल पांघरली, नारळ दिला. मग महिला विभागाच्या एक वहिनी ताट घेऊन पुढे आल्या आणि थांबल्या. इकडे तिकडे बघितलं.

"यांच्या मिसेस कुठायत?" त्या म्हणाल्या. माझ्या हातातल्या माईकमधून ते सगळ्या तंबूला ऐकू गेलं.

फौजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्याआधी त्यांनी एकदा तंबूच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिथं डेनिस उभा होता, तिळगुळाचा डबा घेऊन. ते बघणं मी बघितलं. आता हा माणूस बोलणार, असं मला वाटलं. काय बोलणार ते ठाऊक नव्हतं, पण मला घाम फुटला आणि मी माईक तोंडाशी नेला.

"फौजींच्या पत्नी आज आपल्यात नाहीत," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. आपल्यात नाहीत म्हणजे गावी आहेत, असंही समजता आलं असतं. पण तंबूत एक हळहळ उठली आणि मला माईकची सवय. हळहळ उठली की पुढचं वाक्य येतंच. मी म्हटलं, काही वर्षांपूर्वी त्यांचं निधन झालं, फौजी तेव्हा सीमेवर होते, शेवटचं दर्शनही झालं नाही. हे सगळं माझ्या तोंडून इतकं सहज आलं की मलाच गलबलून आलं. अध्यक्ष उठले. "आपण त्या माउलीसाठी एक मिनिट स्तब्ध उभं राहू या," म्हणाले.

सगळे उभे राहिले. बाहेर पतंगाच्या मागे पळणारी मुलं ओरडत होती, एका आईनं त्यांना हातानं गप्प केलं. वाऱ्यानं तंबूचं कापड फडफडत होतं. फौजी मंचाच्या मधोमध खांद्यावर शाल घेऊन, नारळ पोटाशी धरून सरळ उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी मागे डेनिसकडे बघितलं. तोही उभा होता. डबा छातीशी धरून, मान खाली घालून.

मग ओटीचं ते ताट कुणाला द्यायचं हे कुणालाच कळेना. वहिनींनी ते हळूच टेबलाखाली ठेवलं.

त्या रात्री घरी सुलभा म्हणाली, "बिचारे फौजी, कधी बोलले नाहीत हो." ती खरंच रडली होती. मी तिला खरं सांगितलं नाही. कसं सांगणार होतो? खरं सांगायचं तर फौजींचंही सांगावं लागलं असतं. या विचारानं मला पुढचे कितीतरी महिने फार बरं वाटायचं. माझं तोंड बंद आहे ते त्यांच्या भल्यासाठी. फौजींनी मला एकदाही फोन केला नाही. मंडळाच्या ग्रुपमधून ते बाहेर पडले. मीही काही दिवसांनी सेक्रेटरीपद सोडलं, कंपनीत कामाचा ताण आहे म्हणून. ती ओळ सूचनेत गेली नाही. मागच्या थंडीत मेळाव्याला गेलो नाही. ऑडिट आहे म्हणालो.

उन्हाळा इथं माणसाला विचार करू देत नाही. दारातून गाडीत, गाडीतून दारात. पण थंडी आली की माणसं पायी फिरतात, आणि मीही संध्याकाळी झिंजपासून चालत निघायचो तो न ठरवता हूराकडे वळायचो. तिथल्या हॉटेलांच्या बाहेर परदेशी नौदलांतल्या खलाशांचे घोळके असतात. साध्या कपड्यांत असले तरी केसांवरून आणि चालण्यावरून कळतात. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत चाललेली ती तरणी माणसं बघून वाटायचं, यातही कुणीतरी असेल. फौजींसारखा, मान सरळ ठेवून चालणारा. त्याला बोलायला कुणी असेल का? मग मी फौजींच्या हॉटेलासमोरून पलीकडच्या फुटपाथनं जायचो. एकदा ते दारात दिसले. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. माझ्या बुटाला नाडी नव्हती.

या नोव्हेंबरात रक्तदाब तपासायला दवाखान्यात गेलो. पट्टा घेऊन आत आला तो डेनिस. निळा गणवेश, चष्मा आता आला होता.

"या, सेक्रेटरीसाहेब," तो म्हणाला. "बाही वर करा."

मी म्हटलं, "डेनिस, मला तुमची माफी मागायची आहे. त्या दिवशी..."

"बोलू नका. रीडिंग चुकतं."

पट्टा दंडाला आवळत गेला. तो आकड्यांकडे बघत होता. हवा सुटली. "जास्त आहे," तो म्हणाला आणि पट्टा काढता काढता हळू आवाजात बोलला, "मीपण उभा राह्यलो होतो ना. तुमच्या शेजारणी माझ्या बाजूला होत्या. मला विचारतात, तुम्ही ओळखत होता काय हो त्यांना, फौजींच्या मिसेसना? आता काय सांगू मी? म्हटलं, जवळून."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडू. तो मात्र हसला नाही.

"जगन्नाथ मार्चमध्ये गावी चाललाय," तो म्हणाला. "कायमचा. माझं कॉन्ट्रॅक्ट अजून वर्षभर आहे. माफी मला मागू नका. मीठ कमी करा, आणि घरी या एकदा."

त्या रात्री मी सुलभाला सगळं सांगितलं. फौजींचं सांगू की नको हे मी ठरवू शकलो नाही, म्हणून आधी डेनिसला फोन करून विचारलं. तो म्हणाला, थांबा, जगन्नाथला विचारतो, आणि मग म्हणाला, वहिनींना सांगा, चालेल. आयुष्यात पहिल्यांदाच मी या बाबतीत कुणाला काही विचारलं होतं. सुलभानं सगळं ऐकून घेतलं. मग तिला राग आला, पण तो भलत्याच गोष्टीचा. "मी रडले होते हो त्या बाईसाठी," ती म्हणाली. "नवरात्रात तिच्या नावानं दिवा लावला होता मी." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि त्या डेनिसला कुणी काही विचारलं का? त्याच्या डोळ्यांसमोर तुम्ही त्याला नाहीसं केलंत."

मला हे सुचलं नव्हतं. मी बाईला मारलं एवढंच मी धरून बसलो होतो.

शनिवारी दुपारी हूराला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी. डेनिस सुक्या बोंबलाचं कालवण करत होता, फौजी शर्टाला इस्त्री करत होते. इस्त्री थांबवली नाही.

"बसा दादा. बऱ्याच दिवसांनी."

मी बसल्या बसल्या माफी मागितली. पाठ करून गेलो होतो, मध्येच विसरलो. तुमचं रक्षण करायला गेलो, असं काहीतरी म्हणालो.

"रक्षण?" फौजी म्हणाले. कॉलर उलटवून तिच्यावरून इस्त्री फिरवली. "त्या सत्काराचं रेकॉर्डिंग गावाला गेलं, दादा. चार ग्रुपमधून फिरत फिरत. आईचा फोन आला. ऐंशीची आहे ती. आम्हाला न सांगता लग्न केलंस, म्हणाली, आणि ती गेलीसुद्धा? मी म्हटलं, आई, खोटं आहे ते. तर म्हणते, एवढी माणसं खोट्यासाठी उभी राहतील होय? सुनेचा फोटो तरी पाठव."

स्वयंपाकघरात डेनिसचा डाव थांबला होता.

"ते माझं मी निस्तरेन," फौजी म्हणाले. "आईचं काय, तिला पुढं कधीतरी सांगेन. पण एकजण आहे. आमच्या तालुक्यातला, रिटायर होऊन गावी आलेला. मला रोज फोन करायचा. त्याला घरचे मुलगी दाखवत होते आणि तो विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा. त्याला मी सांगायचो, मी बघ, लग्न नाही केलं, कुणापुढं वाकलो नाही, जिता आहे. त्यानं ते रेकॉर्डिंग बघितलं. एकच फोन आला त्याचा. म्हणाला, भाऊ, तुम्हालाही शेवटी बायको लागलीच की उभं राहायला, मेलेली का होईना."

"मग?"

"मग फोन बंद. नंबर चालू आहे, उचलत नाही. जिवंत आहे एवढं कळतं. लग्न अजून झालेलं नाही."

साताऱ्यात ते एक खोली घेणार होते. फोनवरच्या माणसांना येऊन बसता यावं, चहा प्यावा, पाहिजे तर दोन दिवस राहावं. डेनिस नंतर येईल; वसईला राहायचं की साताऱ्याला, हे भांडण अजून चालू होतं. "पण त्या खोलीत यायचं तर माझ्यावर विश्वास पाहिजे ना, दादा. मी स्टेजवर गप्प उभा राहिलो, हेच सगळ्यांनी बघितलंय."

"तुम्ही तेव्हा काय बोलणार होता?" मी विचारलं. दोन वर्षं मला हेच विचारायचं होतं.

त्यांनी इस्त्री उभी केली. "आता मलाही सांगता येत नाही. कदाचित लग्न झालं नाही, एवढंच म्हटलं असतं. कदाचित आणखी काही. पण जे काय होतं ते माझं होतं."

मी म्हटलं, मी जाहीरपणे ते मागे घेऊ शकतो, पण मग लोक विचारतील, तुमच्याबद्दल बोलतील, म्हणून तर मी... फौजींनी हात वर केला.

"माझं काय सांगायचं ते मी बघतो. तुम्ही तुमचं खोटं तेवढं परत घ्या. लग्न झालं नव्हतं, बास. पुढचं ज्याला विचारायचं तो मला विचारेल. आणि रेकॉर्डिंग करा." मग पहिल्यांदा हसले. "तिकडं सरकारं माफी मागतात. मला सरकारची नको. सेक्रेटरीची चालेल."

"माजी सेक्रेटरी," डेनिस आतून म्हणाला. "आणि माझं नाव घेऊ नका हां स्टेजवर. मला वर्षभर ड्युटी आहे अजून. जेवून जा, मीठ कमी घातलंय."

अध्यक्षांकडे मी यंदाच्या मेळाव्यात दोन मिनिटं मागितली. "कसली?" ते म्हणाले. एका जुन्या निवेदनात दुरुस्ती आहे, म्हटलं. "ग्रुपवर टाका की राव." मी म्हटलं, बोललो माईकवरून होतो, दुरुस्तीही माईकवरूनच हवी. नवीन सेक्रेटरीला मी सूचनेतली ती ओळही पाठवली, फौजींनी दिलेला नंबर घालून. त्यानं काही न विचारता छापली. इतकं सोपं होतं ते.

काल तो शुक्रवार झाला. पहाटे धुकं होतं, तंबूचं कापड दवानं ओलं होतं, दुपारपर्यंत ऊन कोवळंच राहिलं. वाटेत गाडीत मी सुलभाला विचारलं, "हे मी त्यांच्यासाठी करतोय की मला हलकं वाटावं म्हणून?" ती म्हणाली, "ते नंतर ठरवा. आधी करा." मला ते नंतरही ठरवता येईल असं वाटत नाही. फौजी पाचव्या की सहाव्या रांगेत बसले होते, ब्लेझर नाही, साधा इस्त्रीचा शर्ट. शेजारच्या खुर्चीवर डेनिस. सुलभानं पुढे उभं राहून फोन धरला.

मी सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी याच मेळाव्यात फौजींच्या पत्नीचं निधन झाल्याचं मी म्हटलं होतं, ते खोटं होतं. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यांनी मला असं काही सांगायला सांगितलं नव्हतं आणि मी त्यांना विचारलं नव्हतं. सीमा, शेवटचं दर्शन, सगळं मी तिथल्या तिथे रचलं.

तंबूत कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. ताट घेऊन आलेल्या त्याच वहिनी उठून म्हणाल्या, "अहो सावंत, मग आम्ही उभ्या कुणासाठी राहिलो होतो?"

"माझ्यासाठी, वहिनी," मी म्हटलं. "मी घाबरलो होतो म्हणून."

"कशाला घाबरला होतात?"

मी फौजींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, डोळेही हलवले नाहीत. ते उत्तर माझं नव्हतं. "ते मला अजून नीट सांगता येत नाही," मी म्हणालो. वहिनी खाली बसल्या.

या वेळी पुढचं वाक्य आपोआप येत नव्हतं. मी सुलभाच्या हातातल्या फोनकडे तोंड केलं.

"फौजी, त्या दिवशी तुम्ही बोलायला तोंड उघडलं होतं आणि मी मध्ये बोललो. मी तुमची माफी मागतो. आणि हे जो कुणी नंतर, लांब कुठे बघत असेल, ज्याला मी ओळखत नाही, त्याला सांगतो. जगन्नाथ साळुंखे या मंचावर कुणाच्याही आधाराविना उभे होते. त्यांच्या शेजारी ती बाई मी आणून उभी केली. तुमचीही माफी मागतो. त्यांचा फोन उचला."